दिलसुखनगरच्या फलकावरचा चेहरा

माझी धाकटी बहीण हैदराबादला दिलसुखनगरच्या एका कोचिंग इन्स्टिट्यूटमध्ये केमिस्ट्री शिकवत होती. मार्चअखेर, परीक्षा संपल्यावर, तिला आणि आणखी काही शिक्षकांना बोलावून सांगण्यात आलं की यापुढे मुख्य शाखेतली लेक्चरं पडद्यावर दाखवली जातील, तुमची गरज उरलेली नाही. तसं लेखीही दिलं. कामात कसूर झाल्याचा उल्लेख त्यात नव्हता.

नोकरीला लागताना तिने करारावर सही केली होती. नोकरी संपल्यावर वर्षभर हैदराबादेत दुसऱ्या कोचिंगमध्ये शिकवायचं नाही, घरी शिकवण्या घ्यायच्या नाहीत, विद्यार्थी आणि पालकांशी संपर्क ठेवायचा नाही. नोकरी त्यांनीच काढून घेतली तर काय, हे तेव्हा कोणी विचारलं नाही.

करारासोबत दहावीपासून एम.एस्सी.पर्यंतची मूळ सर्टिफिकेटंही जमा करायची होती. आमच्याकडच्या खाजगी कॉलेजांत आणि कोचिंगमध्ये हा रिवाजच आहे. शिक्षक अर्ध्या वर्षात निघून जाऊ नये म्हणून त्याची सर्टिफिकेटं ऑफिसच्या कपाटात ठेवून घेतात. बहिणीच्या मनात नव्हतं. बाबांनी तिची समजूत घातली. ते सरकारी शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचं सर्व्हिस बुक सारी नोकरीभर कार्यालयात राहिलं आणि त्यातला एक कागद हलला नाही. "घरात वाळवी लागते," ते म्हणाले, "ऑफिसात सुरक्षित राहतात." फोल्डर घेऊन ते स्वतः तिच्याबरोबर गेले आणि समाधानाने परत आले.

एप्रिलमध्ये कोठी भागातल्या एका इन्स्टिट्यूटने तिचं डेमो लेक्चर ऐकलं आणि तिला पसंत केलं. जूनमध्ये बॅच सुरू होणार होती. त्याआधी मूळ सर्टिफिकेटं दाखवायची होती. ती जुन्या ऑफिसात गेली. मी सोबत होतो.

"एक साल रुक जाओ ना मॅडम," मॅनेजर म्हणाला. "घर पे आराम करो."

"निकाले तुम लोगां, और रुकना मैं?"

"निकाले नहीं मॅडम, बॅच बंद करे. आप तो घर के लोगां हैं."

"घर के लोगां के सर्टिफिकेटां ताले में रखते क्या?"

"घर वालों केइच रखते," तो हसून म्हणाला. "बाहर वालों के कौन रखता?"

रविवारी आम्ही जामबागला मामांकडे गेलो. मामांनी आयुष्यभर वकिली केली. करार वाचून त्यांनी तो टीपॉयवर टाकला.

"रद्दी आहे. नोकरी संपल्यानंतर काम करू नको, ही अट आपल्या कायद्यात टिकत नाही. आणि इथे तर यांनीच काढलंय."

"सही तिनेच केलीय ना?" बाबा म्हणाले.

"भाऊजी, तुम्ही रिटायर झाल्यावर सरकारने सांगितलं असतं, वर्षभर खडू हातात धरायचा नाही, तर?"

"मला पेन्शन होती."

"तेच म्हणतोय मी."

बाबांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"मामा, केस केली तर सर्टिफिकेटं मिळतील?" बहिणीने विचारलं.

"मिळतील की."

"जूनच्या आत?"

मामा चष्मा पुसू लागले. "आधी नोटीस तर पाठवू."

"म्हणजे नाही," ती म्हणाली.

दोन्ही बाजू लिहायच्या, ही सवय मला वर्तमानपत्रातल्या नोकरीने लावली. इन्स्टिट्यूटची बाजू अशी: त्यांच्या नोट्स आणि त्यांचे विद्यार्थी घेऊन शिक्षक समोरच्या इमारतीत जातो. स्वतःहून सोडून जाणाऱ्याबद्दल हे निदान ऐकून घेता येतं. पण जिची गरज नाही असं यांनी लेखी दिलं, ती दुसऱ्या कोणाच्या उपयोगीही पडू नये, अशी ही तजवीज होती. त्याला दुसरी बाजू मला सापडली नाही.

नोटिशीला उत्तर आलं नाही. मग एक दिवस बाबा इस्त्रीचा शर्ट घालून कोणाला न सांगता तिच्या जुन्या ऑफिसात जाऊन आले. रिकाम्या हाताने.

"मॅनेजरने खुर्ची दिली, चहा दिला," ते म्हणाले. "सर्टिफिकेटं एकदम सेफ आहेत म्हणाला. वर्ष झालं की देतो."

कोठीवाल्यांनी आणखी आठवडाभर वाट पाहिली आणि ती जागा दुसऱ्याला दिली.

जूनमध्ये दिलसुखनगरच्या चौकात त्याच इन्स्टिट्यूटचा नवा फलक लागला. 'आमचे अनुभवी शिक्षक' या ओळीखाली पहिला फोटो बहिणीचा होता. मी तो पाहिला आणि घरी सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. त्याच आठवड्यात, आम्ही तिघं चहा घेत असताना, तिचा फोन वाजला. तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीची आई नलगोंड्याहून बोलत होती. आवाज मोठा होता, आम्हालाही ऐकू येत होता. धाकट्या मुलीचं नाव घातलंय मॅडम, बोर्डावर तुमचा फोटो बघूनच घातलंय, फीसुद्धा भरली. तुमची बॅच कोणती, तेवढं सांगा.

बहिणीने फोनवर हात ठेवला.

"खरं काय ते सांग त्यांना," बाबा म्हणाले. सही केली की पाळायची, असं म्हणणारे तेच.

"पालकांशी बोलायचं नाही, बाबा. आणि सर्टिफिकेटं अजून त्यांच्याकडे आहेत."

तिने हात काढला.

"ऑफिसात विचारा, अम्मा," ती तेलुगूत म्हणाली आणि फोन ठेवला.