फोमवाल्याची लाज

फोमच्या दुकानातून घरी आलं की पँटला बारीक भुगा चिकटलेला असतो. झटकावा तेवढा जास्तच चिकटतो. किश्श्यांचंही तसंच! छाणीला हरीशभाईंच्या दुकानात मला अठरा वर्षं झाली. आधी गाद्या आणि सोफ्याची कुशनं विकली. मग त्याच फोमची, म्हणजे पॉलियुरेथेनची, जखमेवर लावायची ड्रेसिंग्ज आली आणि मी हॉस्पिटलं फिरू लागलो. लोक किस्से सांगतात तेव्हा त्यात फजिती दुसऱ्याची असते. माझ्या किश्श्यांत दरवेळी मीच असतो.

*

लग्नासाठी मुलगी बघायला नागरवाड्यात गेलो होतो. चहा आला, पोहे आले, सुनिता आली. मी मात्र बसल्या बसल्या सोफा दाबत होतो. सवय! फोम दाबून सोडला की किती पटकन वर येतो, त्यावरून माल कळतो. हा वर आलाच नाही.

"काका, तुम्हाला फसवलंय," मी सुनिताच्या वडिलांना म्हणालो. "दोन वर्षांत खालची फळी टोचेल बघा!"

ते शांतपणे म्हणाले, "सोफा आम्ही ठेवून घेणार आहोत. तुम्ही मुलगी बघा."

लग्न तरीही झालं, ही सुनिताची कृपा.

*

एका मोठ्या हॉस्पिटलात पहिलीच मीटिंग होती, म्हणून माळ्यावर सहा वर्षं जपून ठेवलेले बूट काढले. त्यांचे सोलही पॉलियुरेथेनचेच. न वापरता ठेवले की दमट हवेने त्यांचा भुगा होतो, हे मी स्वतः गिऱ्हाइकांना सांगत आलोय! वॉर्डच्या कॉरिडॉरमध्ये मागे वळून पाहिलं, तर काळ्या तुकड्यांची रांग, आणि त्यामागे झाडू घेऊन तिथल्या मासी.

"साहेब, तमे तो वेराता जाओ छो!"

खरंच, मी सांडत चाललो होतो. मीटिंग मोज्यांवर केली.

*

त्याच हॉस्पिटलात ज्योत्स्नाबेन हेड सिस्टर आहेत. त्यांच्या सगळ्या नर्सेससमोर मी ऐटीत डेमो द्यायला उभा राहिलो.

"बघा, आतला मऊ फोम जखमेतलं पाणी शोषतो. बाहेरचा पातळ पापुद्रा पाणी आत येऊ देत नाही, पण वाफ बाहेर जाऊ देतो. रोज उघडून बघायची गरज नाही!" बोलता बोलता सरावाच्या पुतळ्याच्या पाठीवर ड्रेसिंग ठेवलं, टेप लावली आणि टाळ्यांची वाट बघत थांबलो.

ज्योत्स्नाबेन जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "भाई, ऊंधुं छे."

पापुद्रा जखमेवर, फोम वर! सगळं उलटं!

*

मग माझे वडील, आबा, पडले. खुब्याचं हाड मोडलं आणि आमच्या समा भागातल्या फ्लॅटमध्ये ते बिछान्याला खिळले. मी दुकानातली सगळ्यात भारी मेमरी फोमची गादी आणली.

"अहो, दर दोन तासांनी कूस बदलायला हवी ना? तुम्हीच तर शिकवता," सुनिता म्हणाली.

"या गादीवर नाही लागत!"

ती दिवसभर त्यांची कूस बदलत राहिली. संध्याकाळनंतर माझी पाळी होती. मी गादीच्या भरवशावर टीव्ही बघत बसलो. तिसऱ्या आठवड्यात आबांच्या कमरेखाली पडून पडून जखम झाली. हे लिहितानाही मान वर होत नाही.

*

दुकानात कुणाला बोललो नाही. फोमवाल्याच्या घरी बेडसोर! शेवटी ज्योत्स्नाबेनना फोन केला. म्हटलं, ओळखीतल्या एका म्हाताऱ्या माणसासाठी विचारतोय. त्यांनी विचारलं, कूस कोण बदलतं?

"वहु," मी म्हणालो. सून.

"अने दीकरो?" मुलाचं विचारत होत्या.

"दीकरो बिझी रहे छे."

त्या म्हणाल्या, "दीकराने कहेजो, गादलाने हाथ न होय." म्हणजे, मुलाला सांगा, गादीला हात नसतात.

त्यांनी जखम कशी धुवायची, डॉक्टरांना कधी दाखवायचं, सगळं नीट समजावलं. फोन ठेवताना म्हणाल्या, "बापुजीने मारा जय श्रीकृष्ण कहेजो."

बापुजींना, म्हणजे वडिलांना! ते माझे वडील आहेत, हे मी तर त्यांना सांगितलंच नव्हतं!

*

त्या दिवसापासून माझ्या पाळीला मी आबांची कूस बदलू लागलो. जखम भरायला चार महिने लागले. ड्रेसिंग बदलताना दरवेळी फोटो काढायचो. तेवढ्यात हरीशभाई म्हणाले, "आपणी पासे लोकल केस जोइए." दाखवायला इथलीच एखादी केस हवी होती. मी तेच फोटो ट्रेनिंगच्या स्लाइडवर टाकले, आबांना न विचारता. नाव घातलं नाही, फक्त "पुरुष, वय एक्याऐंशी". खाली "कारण" असा एक रकाना होता. बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. मग लिहिलं, "घरच्यांचं दुर्लक्ष".

एका रविवारी सकाळी आबा म्हणाले, "माझी जखम मला कधी दिसलीच नाही रे. दाखव बघू."

फोटो त्या स्लाइडवरच होते. लॅपटॉप त्यांच्यापुढे धरला. चष्मा लावून त्यांनी एकेक फोटो पाहिला. मग खालचा मजकूर वाचला. दोनदा वाचला. सुनिता आत स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी मऊ खिचडी करत होती. आबांनी तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"हे तिला दाखवू नकोस हं. तिला वाटेल, तिच्याबद्दल लिहिलंय."