डिस्क दिसत नाही!

नव्या मशीनवर लिनक्स टाकायचं काम दुकानात आलं, की एक किस्सा फुकट मिळतो. इतके साठलेत, की सांगितले नाहीत तर पोट फुगायचं! दुकानात मी आणि माझा भागीदार सलीमभाई, दोघंच. भीती एकाच गोष्टीची: गिऱ्हाइकाचा जुना डेटा आपल्या हातून पुसला जाऊ नये. बाकी सगळं परत टाकता येतं.

*

मंद्रूपचे एक मास्तर कोरा करकरीत लॅपटॉप घेऊन आले. "लिनक्स म्हनतंय, ह्यात डिस्कच न्हाय!" सलीमभाईनं बायोसमधली एक सेटिंग बदलली, डिस्क हजर.

"म्हंजे होती, पन दिसत नव्हती? आमचे हेडमास्तर तसेच हायेत की!"

*

मोडनिंबचा एक खतवाला लिनक्स टाकून घेऊन गेला. घरी पोचल्यावर त्याचा फोन. "ओ, हितं चालूच होईना की!"

बघतो तर काय, आम्ही लिनक्स त्याच्या डिस्कवर नाही, आमच्याच पेनड्राइव्हवर टाकलेलं! मी म्हणालो, "तुमचं लिनक्स दुकानातच राहिलंय. एसटीनं पाठवू का?"

*

एका नव्या मदरबोर्डावर दुसरी डिस्क काही केल्या दिसेना. सलीमभाईनं वायर बदलली, डिस्क बदलली, मग माझ्यावर चिडला. मी खोक्यातली पुस्तिका काढली. डिस्कची पहिली जागा वापरली, की दुसरी बंद, असं स्पष्ट छापलेलं.

"मग आधी वाचायला काय झालं होतं तुला?" मलाच!

*

शहराच्या पूर्व भागातल्या नरसय्या अण्णांचा टॉवेलचा कारखाना आहे. वडिलांनी काढलेली सगळी डिझाइनं एका जुन्या डिस्कवर, दुसरी कॉपी कुठंच नाही. लिनक्स टाकायचं होतं नव्या डिस्कवर. दोन्ही दिसायला सारख्याच. आमची पद्धत अशी, की जुनी डिस्क काढून मालकाच्या हातात द्यायची. सलीमभाईनं काढून दिली. अण्णा ती टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन बसले.

"बटण मीच दाबणार," म्हणाले. नवा माग सुरू करताना पहिला हात मालकाचा, तसं.

सगळी डिस्क पुसायची का, असं स्क्रीनवर आलं. अण्णांनी बोट पुढं केलं आणि मागं घेतलं. "साडेचारपर्यंत राहुकाळ हाय."

सलीमभाई वैतागला. "लिनक्सला कसला आलाय राहुकाळ! दाबा की अण्णा!"

अण्णांनी हात परत टॉवेलावर ठेवला. मग चहा मागवला. बसल्या बसल्या सलीमभाईनं त्यांच्या मांडीवरचा टॉवेल उलगडला. आत नवी डिस्क, खालच्या बाजूला आमच्या दुकानाचं स्टिकर लावलेली! म्हणजे वडिलांची डिझाइनं मशीनमध्येच.

तेवढ्यात अण्णांनी घड्याळ पाहिलं आणि बोट बटणावर ठेवलं. "संपला राहुकाळ. दाबतो."

सलीमभाई ओरडला, "थांबा अण्णा! तुमचं घड्याळ पुढं हाय!"