फोन आला नाही म्हणजे फिट

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि आज सांगतोय ते मन हलकं करायला नाही — राग आलाय म्हणून. माझाच मला.

कतारमध्ये, दोह्यात मी एका संशोधन प्रकल्पात आहे. आफ्रिकी वंशाच्या लोकांत किडनीचे आजार जास्त का होतात, त्यांच्या जनुकांत काय असतं, हे शोधायचं. काम गरजेचं आहे, आजही म्हणेन. माझ्याकडे काय — इंडस्ट्रियल एरियातल्या कामगारांच्या कॅम्पांत जायचं, घाना-केनियाच्या सिक्युरिटी गार्डांना समजावायचं, सही घ्यायची, मग रक्त. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. गार्ड मला ‘डॉक्टर’ म्हणायचे. मी डॉक्टर नाही, असं एकदाही म्हणालो नाही.

समजावायचं होतं ते असं : ही तपासणी संशोधनासाठी आहे, तुमचा रिपोर्ट तुम्हाला मिळणार नाही. एवढं म्हटलं की माणसं उठून जायची. का नाही जाणार? मग मी काय सांगायला लागलो, माहितीये? ‘व्हिसाच्या मेडिकलसारखंच आहे. काही निघालं तर फोन येईल. नाही आला, तर तुम्ही फिट.’

हे मला सुचलं कुठून? घरातूनच. माझे वडील इथेच टाइल्स बसवायचे. त्यांचं मेडिकल झालं की ‘अनफिट’ ठरवून परत पाठवतात की काय, म्हणून आम्ही गावी फोनकडे बघत बसायचो. वाजला नाही की आई देवापुढे साखर ठेवायची. न वाजलेल्या फोनवर माणूस किती विश्वास टाकतो, मला चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच तर वापरलं.

इमॅन्युएल घानाचा. अल गराफा भागातल्या एका शाळेच्या गेटवर ड्युटी. रक्त देऊन बरेच महिने झाल्यावर मला शोधत कॅम्पात आला. माझ्यापुढे नव्या लोकांची रांग.

“डॉक्टर, भावाला किडनी देतोय. तुमचा फोन काही आला नाही. फिट ना मी?”

रांग ऐकत होती. खरं बोललो असतो — बाबा रे, आम्ही कुणालाच फोन करत नाही — तर रांग मोडली असती. महिन्याचं टार्गेट गेलं असतं. टार्गेट! माणूस पोटातली किडनी काढून द्यायला निघालाय, आणि मला टार्गेट!

“फिट,” मी म्हणालो. वर ‘इन्शाल्ला’ जोडलं.

“मग एक मलाही दे की!” रांगेतून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. मीही.

त्यानं गावी जाऊन किडनी दिली. तिथल्या डॉक्टरांना सांगितलं, दोह्यात सगळं तपासून झालंय. परत कामावर आला आणि काही काळानं उरलेली किडनीही बिघडली. तेव्हा कुठे मी त्याचा निकाल उघडला. धोक्याचं जनुक आई आणि वडील, दोघांकडूनही आलेलं — अशा माणसानं किडनी देऊच नये. ज्या दिवशी तो माझ्यापुढे उभा होता, त्या दिवशीही हा निकाल तयारच होता. मी बघितला नव्हता.

नियमच तसा होता, म्हणाल. रिपोर्ट न देण्याचा नियम होता, हो. खोटं बोलायचा नव्हता. ते माझं.

गेल्या आठवड्यात इमॅन्युएल एशियन टाउनच्या बाजारात भेटला. चेहरा सुजलेला. कंपनी परत पाठवतेय. म्हणाला, “तेव्हा मी फिट होतो ते बरं झालं, डॉक्टर. नाहीतर भावाला कशी दिली असती?”

मी मान हलवली. त्यानं चहा मागवला, दोघांसाठी. मी प्यायलो.