अर्धे कुरळे

आधीच सांगते, मला केस सरळ करायचेच नव्हते. अर्धे करायचे होते. म्हणजे वरून जरा बसलेले आणि खाली लाटा. कुरळे आहेत हे कळलं पाहिजे, फक्त ते चारी बाजूंनी उठायला नको. पार्लरवालीला हे समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "अर्धं असं काही नसतं. पूर्ण करायचं असेल तर बस."

करायचं यासाठी होतं की मी मार्केटमधल्या एका दुकानात साड्यांचं लाइव्ह करायचे. मोबाइलसमोर उभं राहायचं, पदर खांद्यावर टाकायचा, बॉर्डर जवळ आणून दाखवायची आणि बोलत राहायचं. बोलायला मी पक्की, मराठी-हिंदी-गुजराती एकाच वाक्यात. पण खाली कमेंट यायच्या, "पहले मॅडम को कंघी दो." एकाने विचारलं, साडीचा रेट कळला, वरच्या घरट्याचा काय? लाइव्हमध्ये मी पण हसले. नंतर बाथरूमला जाऊन दहा मिनिटं बाहेर आले नाही.

शेठ माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा. तो काही ओरडला वगैरे नाही. म्हणाला, "बेन, वाळ सीधा करावी नाखो ने. नहितर सोमवारथी पॅकिंगमां बेसो."

केस सरळ, नाहीतर सोमवारपासून पॅकिंग. पॅकिंग म्हणजे मागची खोली, ट्यूबलाइट आणि चिकटपट्टी. तिथे दिवसभर कुणाशी बोलायचं नसतं. मी मरेन तिथे, खरंच.

पण केस पण जायला नको होते. हे केस पप्पांचे आहेत. डिंडोलीत आमच्या गल्लीत सगळे म्हणतात, बापाचं डोकं काढून पोरीला बसवलंय. लहानपणी एकदा बाजारात हरवले होते तर भाजीवालीने नाव-गाव काही न विचारता मला सरळ पप्पांकडे आणून सोडलं, केस बघून.

तर मी घरीच केस सरळ करायची क्रीम आणली. यूट्यूबवर एक मुलगी सांगत होती, पूर्ण सरळ नको असतील तर क्रीम लवकर धुवा. रविवार होता. मी खोका उघडून बसले होते, तर पप्पा चष्मा लावून जवळ आले.

"यामा काय शे?"

(म्हणजे, यात काय आहे. घरी आमची अहिराणी. इथे मी मराठीत लिहितेय, मधे मधे सुटेल.)

पप्पा सचिन गावाला एका डाइंगच्या युनिटमध्ये आहेत, कापड रंगवायच्या मशीनवर. माझ्या जन्माआधीपासून. घरी ते कामाचं काही बोलत नाहीत आणि खरं सांगू, आम्ही पण कधी विचारलं नाही. बोटं बघून कळायचं आज कुठला रंग होता ते, बस. पण त्या दिवशी मी सगळं सांगितलं, क्रीम किती वेळ ठेवली तर काय होतं, मला किती पाहिजे. आणि पप्पा एकदम बोलायलाच लागले! असे कधी बोललेले मी बघितले नव्हते.

"टाइम कमी नको करू. घाईत काढलं की पट्टे पडतात. एका जागी चढेल, एका जागी नाही. माल हलका कर, टाइम वाढव. मग सगळीकडे सारखं बसतं."

म्हणून आम्ही क्रीममध्ये तेवढंच कंडिशनर घातलं आणि खोक्यावर लिहिलेला वेळ दुप्पट धरला. मम्मी कोपऱ्यात साड्यांना लेस लावत होती. ती म्हणाली, "झालं, घरात पण युनिट उघडलं यांनी."

"सँपल काढू आधी," पप्पा म्हणाले. "सँपल पास झाल्याशिवाय लॉट चढवत नाहीत."

मानेवरची एक बट घेतली. लावली, थांबलो, धुतली, वाळवली. काय सांगू, अगदी पाहिजे तशी! लांब, ढिली लाट. पप्पांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, कापड बघतात तशी, दोन बोटांत घेऊन, मान तिरकी करून. "पास," म्हणाले. एवढे खूश मी त्यांना माझ्या बारावीच्या निकालाला पण बघितले नव्हते.

मग पूर्ण डोकं.

अर्ध्या वेळातच कपाळाजवळ चुरचुरायला लागलं. मी म्हटलं, "पप्पा, पुढे झोंबतंय."

त्यांनी घड्याळ बघितलं. "अर्धाच वेळ राहिला. मधे काढलं तर शेड फुटेल, कुठे गडद कुठे फिकी."

मला पण शेड फुटायला नको होती.

मम्मी सुई खाली टाकून उठली. "कापडाला झोंबत नाही हो, तिला झोंबतंय! धुवा ते!"

धुतलं तेव्हा मागचे केस छान होते. पुढचे हातात आले. तुटले पण नाहीत नीट, रबरासारखे ताणले गेले आणि सुटले. मोरीच्या जाळीवर साचत होते. पप्पा तांब्या धरून उभे होते आणि पाणी ओतायचं विसरले.

तांब्या खाली ठेवून त्यांनी विचारलं, "पुढे आधी काही केलं होतं का?"

"मावसबहिणीच्या लग्नात. गोल्डन. नंतर वरून काळा मारला."

"म्हणजे सगळा एका ताक्यातला माल नव्हता," ते म्हणाले. "मी विचारायला पाहिजे होतं. पहिला सवालच तो असतो."

सोमवारी मी पॅकिंगला बसले. पुढे टक्कल पडल्यासारखं दिसत होतं, ओढणी घेऊन गेले. शेठने काही विचारलं नाही, ते जास्त लागलं. नंतर सगळेच केस कानापर्यंत कापावे लागले. मागची ती छान लाट पण गेली.

आता ते, जे कुणाला सांगितलेलं नाही. खोक्यावर लिहिलं होतं, रंगवलेल्या केसांना लावू नका. बारीक अक्षरात, पण मी वाचलं होतं. पप्पा चष्मा शोधत होते तेव्हाच वाचलं होतं. मला वाटलं, एवढं काय होतंय. आणि सांगितलं असतं तर ते नको म्हणाले असते, मग सोमवारी काय?

पप्पा मम्मीला म्हणाले, "मी पोरीचं डोकं जाळलं." मी आत होते, ऐकलं.

परवा मी मुद्दाम एक साडी दाखवली, विचारलं, हा रंग दोनदा बुडवून येतो का. त्यांनी हातात पण घेतली नाही. "माले काय कळस, पोरी," म्हणाले आणि चपला घालून बाहेर गेले.

एक वाक्य आहे फक्त. पप्पा, मी वाचलं होतं. हे सगळं मी भराभर टाइप केलं, ते एक वाक्य तोंडातून निघत नाही. आत्ता ते ओट्यावर बसलेत, दार उघडं आहे, त्यांचा खोकला ऐकू येतोय. आणि मी इथे आत बसून तुम्हाला सांगतेय.