लस त्यांच्याकडं, सुया माझ्याकडं

नवरा एका गाडीवर आणि बायको दुसऱ्या गाडीवर असेल तर एकीनं दुसऱ्याला हाक कशी मारायची, या प्रश्नावर मी सलग तीन हिवाळे घालवले. पैसे घालवले, घसा घालवला. शेवटी उपाय निघाला तो फुकटचा, आणि तो मला सुचलेला नव्हता, हे आधीच कबूल करून टाकते.

मी उपकेंद्रावर नर्स. हे त्याच आरोग्य केंद्रात मलेरियाकडं. तापाच्या माणसांच्या बोटाला सुई टोचून रक्ताच्या काचा घेत गावोगाव फिरणं हे त्यांचं काम. बाळंतपणं आणि लसी हे माझं. घरात दोन गाड्या हौसेनं आल्या नव्हत्या. नामांतराची ती वर्षं. आज बंद, उद्या बंदोबस्त. एसटी निघेल का आणि निघाली तर कुठं अडेल, याचा नेम नसायचा. बाळंतीण काही बंद उठायची वाट बघत नाही. ह्यांच्याकडं जुनी मोटारसायकल होतीच, मी मोपेड घेतली. शेजारणी म्हणाल्या, "पडताल बाई." दोनदा पडले. तिसऱ्यांदा पडले नाही.

हिवाळ्यात गोदाकाठच्या उसात तोडणीच्या टोळ्या उतरायच्या. गंगाखेडच्या अलीकडं नदीच्या अंगाला त्यांच्या कोप्या, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपड्या, असायच्या आणि कोप्यांत अंगावर पिणारी लेकरं. ट्रिपलचे, म्हणजे घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताच्या लशीचे, तीन डोस महिन्यामहिन्याच्या अंतरानं द्यायचे तर टोळी इथं आहे तोवरच. पुन्हा उजाडता उजाडता पोचायला हवं, कारण एकदा बैल जुंपले की आया लेकरांना पाठीशी बांधून फडात जातात.

लशीचा बर्फाचा डबा चौकोनी आणि मोठा. माझ्या मोपेडवर पायाशी ठेवला तर पायडल फिरत नसे. म्हणून तो ह्यांच्या मोटारसायकलला मागं बांधायचा. सुया उकळायचा स्टोव्ह, काचेच्या सिरिंज, रजिस्टर हे माझ्या पिशवीत. थोडक्यात, लस त्यांच्याकडं आणि सुया माझ्याकडं. दोघांपैकी एकच पोचला तर त्याचा उपयोग एखाद्या पाहुण्याइतका.

आणि आमच्यातला एकच पोचायचा. ह्यांची गाडी वेगाची, माझी दमेकरी. शिवाय मागं बघणं ह्यांच्या स्वभावात नाही. अंतरपाट खाली आला तेव्हा माझ्याकडं एकदा नीट बघितलं असेल, त्यानंतर नजर पुढंच. माझ्या प्लगमध्ये कचरा अडकायचा, गाडी फुस्स करून बसायची आणि हे धुरळा उडवत दिसेनासे व्हायचे.

हाक मारावी तर काय म्हणून मारावी? नवऱ्याचं नाव मी उखाण्यात घेते, रस्त्यावर घेत नाही. तेव्हा आमच्याकडं कुणीच घेत नसे. एकदा पोखर्णीच्या जवळ, देवाला निघालेल्या लोकांची गर्दी असताना, गाडी बंद पडली. मी जिवाच्या आकांतानं "अहो!" म्हणून ओरडले. दोन सायकलवाले, एक गाडीवान आणि रसवंतीवाला असे चौघं वळले.

"काय झालं वैनी?" एका सायकलवाल्यानं विचारलं.

ज्यांना विचारायला हवं होतं ते तोवर दोन कोस पुढं होते.

मग हॉर्न. आम्ही ठरवलं की मी एकदा वाजवला तर हळू व्हायचं आणि दोनदा वाजवला तर थांबायचं. मोपेडचा हॉर्न म्हणजे म्हशीच्या कानाशी डास. तो ह्यांना ऐकू जाईना; पण मागून येणारा प्रत्येक ट्रक दोनदाच वाजवतो, हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. ट्रकवाल्यानं वाजवलं की हे थांबायचे. मी जवळ गेले की ओरडायचे, "किती येळा थांबवायलीस? जायचंय का न्हाई?"

"मी वाजवलाच नाही."

"मंग कोणी वाजवला?"

यावर त्यांनीच शोध लावला. रबरी फुग्याचा पितळी भोंगा आणला आणि माझ्या हँडलला बसवून दिला. आवाज खणखणीत होता, यात शंका नाही. पण तसला भोंगा आमच्या भागात गारीगारवाल्याच्या सायकलला असायचा. पहिल्याच गावातून वाजवत निघाले तर वीसेक पोरं दहा-दहा पैसे मुठीत धरून मागं लागली. पिशवीतला स्टोव्ह आणि सुया बघितल्यावर ती अशी पळाली, की पुढं महिनाभर त्या गावात मला एक पोर टोचायला सापडलं नाही. भोंगा काढून मी गारीगारवाल्यालाच देऊन टाकला.

शिट्टी झाली. शाळेतल्या पीटीच्या मास्तरांकडून आणली होती. तोंडात शिट्टी धरून गाडी चालवली की अर्धा रस्ता धूळ गिळायला लागते. आरसा झाला. ह्यांच्या गाडीला गोल आरसा बसवला आणि घरी आल्यावर मी विचारलं, "दिसले का मी?"

"धूळ दिसली," हे म्हणाले.

तेही खोटं नव्हतं. त्यांचीच धूळ आणि तिच्यामागं मी.

तिसऱ्या हिवाळ्यात धाकटे दीर आखातातून आले. त्यांनी आमच्या पोरांसाठी वॉकीटॉकीची जोडी आणली होती. दोन काळ्या डब्या, वर ओढायची तार. पोरांच्या हातात त्या एक दिवस राहिल्या. दुसऱ्या दिवशी ह्यांनी ताब्यात घेतल्या आणि जेवताना जाहीर केलं, "आता चिंता मिटली."

ओसरीतून फाटकापर्यंत फार छान ऐकू यायचं. "चहा ठेव" एवढं तर अगदी स्पष्ट. रस्त्यावर मात्र एका हातानं डबी कानाला लावायची, बटण दाबायचं, आणि गाडी चालवायला उरला एकच हात. तेवढं करून ऐकू काय यायचं? खरखर. गाडी बंद केली की आवाज साफ, पण गाडी बंद करून थांबायचंच असेल तर मग डबीची गरज काय, हे मी विचारलं. हे म्हणाले, "तुला यंत्रातलं कळत न्हाई."

एका नाक्यावर बंदोबस्तातल्या हवालदारानं ह्यांना अडवलं. डबीत तोंड घालून बोलणारा इसम त्या दिवसांत कुणालाही खटकलाच असता.

"कोणाला खबर द्यायलाव?"

"मंडळीला."

"कुठं हाय मंडळी?"

ह्यांनी मागं बोट दाखवलं. मागं रस्ता मोकळा. मी नेहमीप्रमाणे प्लग काढून बसले होते. हवालदारानं डबी हातात घेऊन बराच वेळ 'हॅलो, हॅलो' केलं. वीस मिनिटांनी मी पोचले आणि पिशवीतल्या सुया दाखवल्या, तेव्हा सुटका झाली.

एवढं सगळं मी हसत सांगते, कारण तोवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. मग तिसऱ्या डोसचा दिवस आला.

त्या टोळीत चौदा लेकरं होती. चौदांचेही दोन डोस झाले होते. हंगाम संपत आला होता. पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला, की टोळी दोन दिवसांत आपल्या मुलखाला जाते, आणि मग ते तिसरं इंजेक्शन कुणी द्यायचं? त्यांच्या गावच्या नर्सला ही लेकरं माहीत नाहीत, आणि आयांना तारीख माहीत नाही.

अंधारात निघालो. अर्ध्या वाटेत मोपेड बसली. या वेळी प्लग नव्हता, चेन तुटली होती. डबीचं बटण दाबलं, खरखर आली. भोंगा मी देऊन टाकला होता. मग मी ह्यांना नावानं हाक मारली. आडनावासकट मारली. हरभरा राखायला बसलेला म्हातारा मचाणावरून ओरडला, "कोणाला म्हणायलीस गं बाई?" त्याच्याकडून तार घेऊन मी चेन बांधली आणि ढकलत, चालवत पोचले, तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं.

कोप्या रिकाम्या. बैलगाड्या नदीपलीकडच्या फडात गेलेल्या. हे टोळीच्या मुकादमाच्या बाजेवर बसून चहा पीत होते.

"किती उशीर!" हे म्हणाले.

लशीचा डबा बाजेखाली होता, झाकण उघडं. "तू आता येशील, मग येशील, म्हणून काढून ठिवलं," हे म्हणाले. उन्हाची तिरीप सरळ आत पडली होती. बर्फाचं पाणी, पाण्यात बाटल्या. मी हात घालून बघितला आणि झाकण लावलं. त्या बाटल्यांतलं आता कुणालाच देता येणार नव्हतं.

मुकादमानं सांगितलं, "चार दिवसानं पट्टा पडायलाय बाई. गाड्या भरल्या की निघालो आमी."

कोपीच्या दारात एक म्हातारी राखणीला मागं राहिली होती. तोंडात तंबाखू धरून ती आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत होती.

"तुमी दोघं एकाच कामावर हाव का?" तिनं विचारलं.

"हो."

"मंग आमच्यावानीच की. गडी ऊस तोडतो, बाई मोळी बांधती. दोघं मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती बी जोडीला देतो, एकट्याला न्हाई."

मी आधीच वैतागलेली होते. तिला भोंगा, आरसा, शिट्टी, सगळं सांगितलं, डबीसुद्धा काढून दाखवली. तिनं डबी उलटीसुलटी करून परत दिली.

"येवढं कशाला करता? गावाकडून निघताना आमच्या पंधरा गाड्या असत्यात. दमती बैलजोडी आमी म्होरं घालतो. मागं ठिवली की ती मागंच राहती, अन् म्होरल्याला पत्ता न्हाई. म्होरं असली अन् बसली, की समद्यायला दिसती."

"मग सगळ्यांनाच हळू चालावं लागत असेल."

"लागतंय की. पण आधी जाऊन करायचं काय?" तिनं हनुवटीनं बाजेकडं खूण केली. "हे बघा, आधी येऊन काय करायलेत? च्या प्यायलेत."

मला बारावीपर्यंतचं शिक्षण, नर्सिंगचा कोर्स, आणि माझ्या व्यवहारीपणाचा सगळ्या गावात लौकिक. तीन वर्षांत एकदाही डोक्यात आलं नव्हतं की मी पुढं जावं. लग्नाच्या वरातीपासून ह्यांच्या मागं चालले, ती गाडीवरही मागंच राहिले. राग ह्यांचा जेवढा आला, तेवढाच माझाही आला.

केंद्रावरच्या डॉक्टरांनी कुरकुर करून आणखी एका वेळची लस आणि बर्फ द्यायचं कबूल केलं. एकदाच, असं बजावून. घरी मी ह्यांना सांगितलं, "परवा मी पुढं."

"अन् मी मागं?"

"हो."

"लोक काय म्हणतील?"

"लोक चहा पितील."

हे मग म्हणाले, नांदेडला याहून भारी वॉकीटॉकी मिळते म्हणून ऐकलंय, पंधरा दिवसांत मागवता येईल. मी चेन बदलून आणली आणि प्लग नवा घातला.

परवाच्या पहाटे मी पुढं निघाले. ह्यांचा दिवा माझ्या पाठीवर. मी जरा हळू झाले की ह्यांचा हॉर्न, जरा वळले की हॉर्न, कानाला ताप. फाट्यावरच्या हॉटेलवाल्यानं चुलीजवळून आवाज दिला, "साहेब, आज वैनीनं शर्यत जिंकली का?"

"रस्ता दाखवायल्यात," हे म्हणाले.

ओढ्याच्या चढावर मोपेड बसली. नवा प्लग असूनही बसली. त्या गाडीचं मला आजवर कळलेलं नाही. पण मी पाय टेकवायच्या आत ह्यांची गाडी मागं थांबली होती. ह्यांनी बॅटरी धरली, मी पाना लावला, प्लग पुसला. हाक मारावी लागली नाही. बोलावंही लागलं नाही. ह्यांनी बोलून घेतलं ते वेगळं: "सगळी धूळ मीच खायची का?"

"तीन वर्षं मी काय खाल्लं?"

पोचलो तेव्हा बैल अजून दावणीला होते. बायका चुलीपुढं भाकरी थापत होत्या. ह्यांनी डबा सावलीत ठेवला, मी बघत असल्यामुळं झाकण लावून. मी स्टोव्ह पेटवला. चौदांपैकी तेरा लेकरांना तिसरा डोस दिला. चौदाव्याला सणकून ताप होता, त्याला देता येईना. त्याच्या गावच्या नर्सच्या नावे चिठ्ठी लिहून मी त्याच्या आईच्या पदराला बांधली आणि ह्यांनी त्याच्या रक्ताची काच घेतली. म्हातारी टोचलेल्या लेकरांच्या रडण्यात उभी होती. तिनं मला विचारलं, "आज म्होरं कोण होतं?"

"मी."

"दिसलं मला, मालकाच्या अंगावरल्या धुरळ्यात," ती म्हणाली आणि भाकरी उलटायला गेली.

परत निघताना ह्यांनी सवयीनं गाडी पुढं काढली. मी जाऊ दिलं. डबा रिकामा होता. ओढ्याच्या पलीकडं मोपेड बसली, हे दिसेनासे झाले. मी गाडी बाभळीखाली लावली, म्हातारीनं दिलेली भाकरी सोडली आणि निवांत खाऊन घेतली. अर्ध्या तासानं हे परत आले. चेहऱ्यावर भलती घाई.

"हाक मारायची न्हाई का?"