अष्टमकरांची तीन वचनं

बाळकुमचे हनोख अष्टमकर शिंपी. माप नुसत्या नजरेने घ्यायचे, आणि चुकलं तर "तुम्हीच सुटलात" म्हणायचे. टेंभी नाक्याजवळच्या ज्यूंच्या सिनेगॉगात दर शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या प्रार्थनेला, त्यांचा पहिला बाक ठरलेला.

त्या शब्बाथला मात्र बूड बाकाला टेकेना. आठवड्यात वडिलांची पुण्यतिथी होती. तोरासमोर, म्हणजे धर्मग्रंथाच्या गुंडाळीसमोर, वाचनाला बोलावताना माणसाला 'अमका बेन तमका' असं बापाच्या नावासकट पुकारतात. ते नाव हनोखकाकांना ऐकायचं होतं. पण वाचन सात जणांत वाटतात, आणि सातही मान लग्नघरच्या डोंबिवलीकरांनी पटकावलेले.

"काका, सात झाले. पुढच्या शब्बाथला बघू," सिनेगॉगचा कारभार बघणारे मुकादम एलायजा रोहेकर म्हणाले.

"पुण्यतिथी म्हणजे काय सोसायटीची मीटिंग, पुढे ढकलायला? शब्बाथला सातांवर आठवा चालतो. आडनावच अष्टमकर आहे माझं!"

"चालतो हो. पण कापायचं कुठे?"

सहावा माणूस वाचून उतरला तेव्हा आठ वचनं उरली होती. मुकादमांनी बोटांवर चार-चार केली आणि मान हलवली. तोराच्या मजकुरात मधेमधे कोरी जागा सोडलेली असते. तिच्या तोंडाशी, एकदोन वचनं राखून, थांबायचं नाही. आणि तीनपेक्षा कमी कुणाला द्यायची नाहीत. इथे कोरी जागा होती पाचव्या वचनानंतर. चारवर थांबलं की एक लोंबकळणार.

काका सरळ वाचनाच्या चौथऱ्यावर चढले. गुंडाळीवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "चार-चार कोणी सांगितलं? अंग आणि बाही एकाच मापाची कापतं का कुणी? कापड आपणहून जागा देतंय, तिथे कात्री. पाच आणि तीन!"

प्रार्थना चालवणाऱ्या हजाननी ओळी दाखवायची चांदीची काडी कोऱ्या जागेपाशी नेली, मनात मोजलं. "बसतंय की!"

"अहो, पण माझी तीन गेली!" सातवे, लग्नघरचे शमुवेलमामा कुरकुरले.

"मामा, मोठा पीस तुम्हालाच दिलाय. गप वाचून घ्या."

मामांची पाच झाली. हजाननी घसा साफ केला आणि दणदणीत पुकारलं, "हनोख बेन दानियेल!"

"मोठ्याने म्हणा हो!" बायकांच्या माडीवरून रिबकाकाकूंनी नवऱ्याला बजावलं. सांगायची गरजच नव्हती. काकांनी आशीर्वचन असं म्हटलं, की रस्त्यावरचा केळीवालासुद्धा आत डोकावला. सगळं सिनेगॉग "आमेन" म्हणालं, मामांचं त्यात सगळ्यात मोठं.

तीनच वचनांचा सदरा. पण काकांच्या अंगाला असा बसला, की एक टाकाही उसवायला नको.