सासूबाईंचा न हटणारा मलेरिया

शेजारी कुणी मिसरी भाजायला घेतली की त्या ठसक्यासरशी मला सासूबाईंचा मलेरिया आठवतो. तीसेक वर्षांपूर्वी पनवेलला आमच्या आळीत तापाची साथ होती, तेव्हा मुंबईहून एक शास्त्रज्ञ आले होते. मलेरियाची नेहमीची गोळी लागू पडेनाशी झाली आहे का, हे त्यांना तपासायचं होतं. तीन दिवस ते स्वतः समोर बसून सासूबाईंना गोळ्या द्यायचे आणि मग म्हणायचे, "आजी, आ करा." सासूबाईंचं तोंड मिसरीनं काळं, त्यात त्यांना काय दिसणार? आठवड्यानं बोट टोचून रक्त पाहिलं तर जंतू तसेच. साहेबांचा चेहरा उतरला. वहीत काहीतरी लांबलचक लिहून ते म्हणाले, "ही गोळी हरली. आता दवाखान्यात नेऊन सुया द्याव्या लागतील." सुया म्हटल्यावर सासूबाईंनी पदराची गाठ सोडली. आत सगळ्या गोळ्या, मिसरीनं काळ्या झालेल्या. "करंज्याला दिलेली माजी लेक तापानं पडली हाय, सायेब. तिच्याकडं कोन येतो गोल्या घेऊन?" साहेबांनी वहीतलं सगळं खोडलं. "तिच्याकडे मी जातो, पण तुमच्या तुम्ही गिळा." "मंग आदीच बोलायचं ना!" त्या उलट त्यांच्यावरच खेकसल्या. दुसऱ्या दिवसापासून साहेब आधी चूळ भरायला लावायचे, मगच गोळी द्यायचे. आता माझी सून रक्तदाबाची गोळी देऊन मला आ करायला लावते. मी मिसरी लावत नाही, त्यामुळे गिळावीच लागते.